युद्धकाळातील टपालाचे शिक्के : लष्करी व नाविक पाकिटांचे वाचन

रत्नागिरी जिल्ह्यातून पलटणीत आणि जहाजावर माणसे जाण्याची रीत फार जुनी आहे. आमच्या वसतिगृहात सावर्डे परिसरातून आणि चिपळूण, संगमेश्वर, गुहागर, खेड, मंडणगड या तालुक्यांतून मुले येतात. त्यांच्या घरी विचारणा केली तर पणजोबा ‘लाम’वर गेले होते, आजोबांचे चुलते ‘बसऱ्या’ला होते, कोणी ‘मानवारी’वर खलाशी होते, अशा आठवणी हमखास निघतात. ‘लाम’ म्हणजे युद्ध, ‘मानवार’ म्हणजे लढाऊ जहाज. पण कोणती पलटण, कोणते वर्ष, कोणती आघाडी असे पुढे विचारले की आठवण थांबते. अशा वेळी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एखादे जुने पाकीट असेल तर ते बोलू लागते. आतले पत्र हरवलेले असो, मोडीत असल्यामुळे वाचता न येणारे असो की पाण्याने पुसलेले असो, पाकिटाची बाहेरची बाजू बहुधा शाबूत असते. ती कशी वाचावी हे सांगण्यासाठी हा पाठ आम्ही स्मरणिकेसाठी लिहिला आहे. तिकिटे जमविण्याचा छंद हा यामागचा हेतू नव्हे, कुटुंबाचा इतिहास कागदावरून सिद्ध करता यावा हा आहे.

आमच्या समाजाच्या दृष्टीने या कामाचे महत्त्व वेगळे सांगावे लागते. कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात महार शिपायांची संख्या लक्षणीय होती, हे कोरेगावच्या स्तंभावरील ‘नाक’ प्रत्ययाची नावे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महारांची भरती बंद झाली. तिच्याविरुद्ध दापोलीच्या पेन्शनर मंडळींत वावरलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध सरताच १९२१ पर्यंत ती मोडलीही गेली. दुसऱ्या महायुद्धात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर असताना, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभारण्यात आली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांचे मूळ गाव आंबडवे आमच्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे. हा इतिहास पलटणींचा आहे आणि तो ग्रंथांत मिळतो. पण त्या पलटणीतील एकेका साध्या शिपायाचे नाव ग्रंथात मिळत नाही. ते घरच्या कागदात मिळते, नाहीतर कुठेच मिळत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सरकारी निरोप आणि टपाल पुढच्या गावी पोचविणे हे महारकीच्या वेठीच्या कामांपैकी एक काम होते. दुसऱ्याचे टपाल पिढ्यान्‌पिढ्या वाहणाऱ्या घराला स्वतःच्या नावाने पत्र येऊ लागले ते बहुतेक वेळा मुलगा पलटणीत गेल्यावर. ते वाचून घेण्यासाठी मात्र गावातल्या कोणा लिहित्या-वाचत्याच्या अंगणात, ओटीखाली उभे राहावे लागे. त्या पाकिटाला घरात एवढे जपले का गेले, हे यावरून उमजावे.

आता मूळ विषयाकडे वळू. नेहमीच्या टपालशिक्क्यावर गावाचे नाव असते. युद्धातील टपालावर ते नसते, कारण शिपाई कुठे आहे हे शत्रूला कळणे म्हणजे पलटण कुठे आहे हे कळणे. म्हणून सैन्याबरोबर फिरणाऱ्या टपाल कचेरीला गावाऐवजी क्रमांक दिला जाई. अशा कचेरीला फील्ड पोस्ट ऑफिस म्हणत आणि शिक्क्यावर ‘एफ.पी.ओ.’ ही रोमन अक्षरे व त्यांच्याशेजारी क्रमांक असे. वर्तुळाकार शिक्क्याच्या मध्यभागी दिवस, महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक येत. ही कचेरी ब्रिगेडच्या किंवा डिव्हिजनच्या मागून चाले. आज एका खेड्यात, महिन्याने दुसऱ्या नदीकाठी, वर्षाने दुसऱ्या देशात. क्रमांक तोच राही, जागा बदले. त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून ठिकाण ठरविता येत नाही. क्रमांक आणि तारीख ही जोडी एकत्र घेतली तरच उत्तर मिळते. हा या अभ्यासातला पहिला नियम आहे आणि सर्वांत जास्त मोडला जाणाराही हाच.

हीच पद्धत आजही चालू आहे. आपल्या ओळखीच्या जवानाला पत्र पाठवताना आपण ‘५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ असे लिहितो आणि पिनकोड ९ या अंकाने सुरू होतो. ५६ किंवा ९९ हे कोणत्याही गावाचे क्रमांक नव्हेत. पत्र आधी लष्कराच्या मध्यवर्ती टपाल कचेरीत जाते आणि तेथून युनिट जेथे असेल तेथे. हे काम करणारे आर्मी पोस्टल सर्व्हिस कोअर १ मार्च १९७२ पासून स्वतंत्र कोअर आहे. युद्धकाळात मधल्या कचेरीला ‘बेस’ पोस्ट ऑफिस म्हणत. शिक्क्यावर ‘बेस’ हा शब्द दिसला तर पत्र आघाडीवर नव्हे, आघाडीच्या पाठीमागील बंदरात किंवा मोठ्या ठाण्यात हाताळले गेले, एवढाच अर्थ घ्यावा. सैनिक स्वतः तेथे होता असे त्यावरून म्हणता येत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या पाकिटांपासून सुरुवात करू. १९१४ मध्ये भारतातून परदेशी गेलेल्या फौजांना ‘इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स’ म्हणत आणि त्यांना रोमन वर्णमालेतील एकेक अक्षर दिलेले होते. ‘ए’ फौज फ्रान्सला, ‘बी’ व ‘सी’ पूर्व आफ्रिकेत, ‘डी’ मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये, ‘ई’ व ‘एफ’ इजिप्तच्या बाजूला आणि ‘जी’ गॅलिपोलीला गेली. पत्त्यात ‘फोर्स डी’ किंवा ‘आय.ई.एफ. डी’ अशी अक्षरे असतील तर आजोबांचे ‘बसरा’ कुठून आले हे चटकन समजते. आमच्या भागातील घरांत हेच अक्षर प्रथम शोधावे असे आम्ही सुचवितो, कारण मराठा पलटणींचा मोठा भाग याच आघाडीवर होता. सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा येथे हे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी अन्न संपल्यावर त्याला शरण जावे लागले. या डिव्हिजनमधील माणसाची पत्रे १९१५ च्या शेवटास एकाएकी थांबलेली आढळली तर तो योगायोग समजू नये. त्यानंतर एखादे कार्ड आलेच तर त्यावर तुर्की लिपीतला शिक्का, तांबड्या चंद्रकोरीचे किंवा रेडक्रॉसचे चिन्ह आणि युद्धकैद्याचे पत्र असल्याची खूण मिळण्याचा संभव असतो. अशा कार्डाला हात लावण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावेत, इतके ते दुर्मीळ असते.

या काळातील तिकिटेही पुरावा देतात. पंचम जॉर्जच्या भारतीय तिकिटांवर काळ्या शाईत ‘आय.ई.एफ.’ ही अक्षरे वरून छापून ती सप्टेंबर १९१४ पासून या फौजांसाठी काढण्यात आली. तीन पैपासून एक रुपयापर्यंत त्यांच्या किमती होत्या. त्यापूर्वी १९०० मध्ये चीनला गेलेल्या भारतीय फौजेसाठी ‘सी.ई.एफ.’ अशी अक्षरे छापलेली तिकिटे निघाली होती. ही अक्षरे तिकिटावर छापलेली असतात, शिक्क्यात नसतात. विद्यार्थी पुष्कळदा या दोहोंची गल्लत करतात. तिकीट सांगते ते फौजेचे नाव, शिक्का सांगतो तो कचेरीचा क्रमांक आणि दिवस. दोन्ही नोंदवावेत.

पुष्कळ पाकिटांवर तिकीट मुळीच नसते. ते पडले असेल असे समजून घरचे लोक हळहळतात. वस्तुतः युद्धक्षेत्रातील शिपायाला साध्या पत्राचे टपालहशील माफ असण्याची सवलत दोन्ही महायुद्धांत दिली गेली होती. त्यासाठी पाकिटाच्या वरच्या भागात ‘ऑन अॅक्टिव्ह सर्व्हिस’ हे शब्द किंवा त्यांची ‘ओ.ए.एस.’ ही आद्याक्षरे लिहिलेली असत. कधी हाताने, कधी छापील. तिकीट नाही, तरी दुप्पट हशील वसूल केल्याची खूण नाही आणि वर ही अक्षरे आहेत, असा तिहेरी मेळ बसला तर ते पाकीट युद्धसेवेतील आहे असे बिनदिक्कत मानावे.

सेन्सॉरचे शिक्के हा या विषयातील सर्वांत मनोवेधक भाग होय आणि त्यावर आम्ही थोडे रेंगाळणार आहोत. शिपायाचे पत्र प्रथम त्याच्याच युनिटमधील अधिकारी वाचीत असे. आक्षेपार्ह मजकूर, म्हणजे ठिकाण, संख्या, हालचाल, नुकसान यांचा उल्लेख, तो खोडून टाकी किंवा कात्रीने कापून काढी. मग पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात खाली सही करी आणि क्रमांक असलेला ‘पास्ड बाय सेन्सॉर’ या अर्थाचा शिक्का मारी. ब्रिटिश सैन्याने पहिल्या महायुद्धात या शिक्क्यांचे आकार वेळोवेळी बदलले. वर्तुळ, चौकोन, त्रिकोण, षट्कोन असे ते आढळतात, आणि तारीख पुसट असलेल्या पाकिटाचा काळ आकारावरून स्थूलमानाने ठरविता येतो. शिक्क्यातील क्रमांक हा सेन्सॉरच्या शिक्क्याचा असतो, फील्ड पोस्ट ऑफिसचा नव्हे. एकाच पाकिटावर दोन क्रमांक दिसले की विद्यार्थी गोंधळतात. तारीख ज्या शिक्क्यात आहे तो टपालाचा, जो बहुधा तारखेवाचून आहे तो सेन्सॉरचा, ही सोपी खूण बहुतेक वेळा पुरी पडते.

फ्रान्समधील भारतीय फौजेची पत्रे याशिवाय एका खास कचेरीतही तपासली जात. ती काही काळ बूलोन्य येथे होती. तेथील अधिकारी पत्रांतील उतारे इंग्रजीत भाषांतरित करून वरिष्ठांकडे अहवाल पाठवीत. हे अहवाल लंडनला जपले गेले आणि डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतील निवडक पत्रांचे पुस्तक १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. यातील एक बाब आम्हांला फार महत्त्वाची वाटते. दप्तरात राहिले ते भाषांतर. मूळ पत्र पुढे गावी गेले. म्हणजे शिपायाचे खरे शब्द, त्याच्या बोलीतले, आज शिल्लक असतील तर ते कोणत्या परदेशी ग्रंथालयात नाहीत, ते कोणाच्या तरी घरी आहेत. एकेक ट्रंक चुलीत किंवा भंगारात जाते तेव्हा जे नष्ट होते त्याची दुसरी प्रत जगात नसते.

शिपायाचे शब्द म्हणताना एक सावधगिरी बाळगावी लागते. पुष्कळ शिपाई निरक्षर होते आणि कंपनीतील एखादा लिहिणारा सर्वांची पत्रे लिहून देई. दोन वेगळ्या घरांतील पत्रांचे अक्षर एकच निघाले तर नवल मानू नये. अक्षरावरून माणूस ओळखण्याचा हट्ट येथे धरता येत नाही. मोडी अक्षर असेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावे. पत्राच्या माथ्यावर ‘मिती श्रावण शुद्ध पंचमी’ एवढेच लिहिलेले असते, शक किंवा सन नसतो. तेव्हा बाहेरच्या शिक्क्यातील वर्ष घ्यावे आणि जुन्या पंचांगातून तिथीची तारीख काढावी. तिथीचा दिवस शिक्क्याच्या दिवसापूर्वी थोडाच आधी आला तर पत्र आणि पाकीट एकमेकांचे आहेत. महिन्यांचे अंतर निघाले तर एका पाकिटात दुसरेच पत्र कोणी घालून ठेवले आहे. घराघरांतून असे पुष्कळ झालेले आहे.

ज्याला घरगुती मजकुरासाठी थोडी आडोशाची जागा हवी असे त्याला अधूनमधून एक हिरव्या रंगाचे पाकीट मिळे. आत केवळ खाजगी व कौटुंबिक मजकूर आहे असे शिपायाने स्वतःच्या सहीने हमी द्यायची. मग ते युनिटमध्ये उघडले जात नसे, मात्र बेसला तपासले जाऊ शके. याउलट फील्ड सर्व्हिस पोस्टकार्ड. त्यावर ‘मी खुशाल आहे’, ‘मी इस्पितळात दाखल झालो आहे’ अशा अर्थाची वाक्ये आधीच छापलेली. नको ती खोडायची आणि सही करायची. एक शब्द जरी जास्त लिहिला तरी कार्ड नष्ट केले जाईल अशी ताकीद त्याच कार्डावर असे. खोडलेल्या ओळी न्याहाळून पाहाव्यात. शिपायाने काय सांगितले यापेक्षा काय सांगितले नाही ते त्यांत दिसते.

दुसऱ्या महायुद्धात टपालाचा पसारा वाढला. फील्ड पोस्ट ऑफिसांची संख्या वाढली आणि पत्त्यात आघाडीची आद्याक्षरे येऊ लागली. ती पाठ करण्यासारखी आहेत. ‘एम.ई.एफ.’ म्हणजे मध्यपूर्वेतील फौजा, ‘पाय फोर्स’ म्हणजे इराण-इराकमधील, ‘सी.एम.एफ.’ म्हणजे मध्य भूमध्य आघाडीवरील, यात इटली आला, आणि ‘एस.ई.ए.सी.’ किंवा ‘सीअॅक’ म्हणजे आग्नेय आशिया कमांड, यात ब्रह्मदेश आला. ‘एम.ई.एफ.’ ही अक्षरे ब्रिटिश तिकिटांवरही छापलेली आढळतील. इटलीकडून जिंकलेल्या एरिट्रिया, सिरेनेका इत्यादी प्रदेशांत १९४२ पासून ती वापरात आली. तिकिटावरील अक्षरे त्या प्रदेशाच्या टपालाची, पत्त्यातील अक्षरे फौजेची. पुन्हा तीच गल्लत टाळायची.

या युद्धातील पाकीट प्रत्यक्ष कसे सोडवावे ते पाहू. समजा, एका पाकिटावर तिकीट नाही. वर ‘ऑन अॅक्टिव्ह सर्व्हिस’ आहे. डाव्या खालच्या कोपऱ्यात इंग्रजी सही आणि जवळ तारखेवाचूनचा क्रमांकित शिक्का आहे. वर्तुळाकार शिक्क्यात एफ.पी.ओ. आणि क्रमांक आहे, जुलै महिना वाचता येतो, वर्षाचे अंक ४४ आहेत. मागे पाठविणाऱ्याचे नाव, सेवाक्रमांक, ‘३/५ मराठा’ आणि ‘सी.एम.एफ.’ अशी अक्षरे आहेत. ‘३/५’ हा अपूर्णांक नव्हे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन असा त्याचा अर्थ. ही बटालियन त्या महिन्यात इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होती. नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती लढाई १० जुलै १९४४ ची आणि याच बटालियनची. म्हणजे ज्याचे पत्र आपल्या हाती आहे तो त्या आठवड्यांत त्याच डोंगरात होता असे म्हणण्याला भक्कम आधार मिळतो. पण तो घाडग्यांच्या शेजारी होता, त्याने ती लढाई पाहिली, असे पाकीट सांगत नाही. घरात तशी कथा रूढ असेल तर ती कथा म्हणून वेगळी लिहून ठेवावी. क्रमांकावरून नेमके ठिकाण हवे असल्यास ब्रिगेडियर डी. एस. विर्क यांनी दुसऱ्या महायुद्धातील भारतीय लष्करी टपाल कचेऱ्यांवर केलेले काम पाहावे लागते. त्यावाचून केवळ अंदाजाने गाव ठरवू नये.

वर्षाच्या अंकांत ३ आणि ८ यांचा घोटाळा नेहमी होतो. ४३ की ४८ हे ठरविताना तिकिटावर विसंबू नये, कारण सहाव्या जॉर्जची तिकिटे स्वातंत्र्यानंतरही काही काळ चालू होती. फील्ड पोस्ट ऑफिसेही १९४७-४८ मध्ये काश्मीर आघाडीवर कार्यरत होतीच. पाकिटावर ‘जय हिंद’ हा घोषशिक्का असेल तर ते १५ ऑगस्ट १९४७ नंतरचे. ब्रिटिश सेन्सॉरचा शिक्का आणि युनिटमधील सही असेल तर कल १९४३ कडे.

याच काळातील एक निराळा नमुना म्हणजे एअरग्राफ. १९४१ पासून ही पद्धत सुरू झाली. ठराविक फॉर्मवर पत्र लिहायचे, त्याचे बारीक फिल्मवर छायाचित्र घ्यायचे, फिल्म विमानाने पाठवायची आणि पोचल्यावर तिच्यावरून छोटे छायाचित्र छापून ते पत्र म्हणून वाटायचे. घरात तळहाताएवढ्या चकचकीत कागदावर अक्षर बारीक झालेले पत्र सापडले तर ते कोणी नंतर काढलेला फोटो आहे असे समजून टाकून देऊ नये. तेच मूळ पत्र होय.

युद्धकैद्यांची पत्रे जर्मन किंवा इटालियन छापील फॉर्मवर असतात. जर्मन फॉर्मवर ‘क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट’ हा लांबलचक शब्द आणि ‘गेप्र्यूफ्ट’ म्हणजे ‘तपासले’ असा शिक्का असतो. जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले तेव्हा दुसरी मराठा बटालियन, म्हणजे ‘२/५’, तेथे होती. त्यामुळे मराठी मुलखातील घरांत अशी कार्डे मिळण्याचा संभव बराच आहे. इटलीत अव्हेझ्झानो व अव्हेर्सा येथे आणि जर्मनीत आन्नाबुर्ग येथे भारतीय कैद्यांच्या छावण्या होत्या. इटालियन कार्डावर ‘पी.जी.’ या अक्षरांपुढे छावणीचा क्रमांक येतो. अव्हेझ्झानोचा क्रमांक ९१, अव्हेर्साचा ६३.

आता जहाजांकडे. कोकण किनाऱ्याने सरकारी आरमाराला नेहमीच माणसे पुरविली. १८९२ पासून या दलाचे नाव रॉयल इंडियन मरीन होते, १९३४ मध्ये ते रॉयल इंडियन नेव्ही झाले. नाविक टपाल ओळखणे लष्करी टपालाहून अवघड आहे, कारण येथे क्रमांकसुद्धा मिळत नाही. जहाजावरच्या खलाशाने लिहिलेले पत्र जहाजावरील अधिकारी तपासी, त्यावर ‘फ्रॉम एच.एम. शिप’ व ‘पास्ड बाय सेन्सॉर’ अशा अर्थाचा ठसा उमटे, पण जहाजाचे नाव कुठेही येत नसे. बंदराला लागल्यावर टपाल किनाऱ्यावरच्या कचेरीकडे जाई. ब्रिटनमध्ये अशा पत्रांवर ‘पोस्ट ऑफिस मॅरिटाइम मेल’ असा यंत्राचा शिक्का मारीत. कधी तर नुसत्या आडव्या रेषांचा, मजकूर नसलेला मुका शिक्का मारून तिकीट रद्द केले जाई. मुका शिक्का दिसला की टपाल खात्याचा निष्काळजीपणा समजू नये. तो हेतुपुरस्सर मुका ठेवलेला असतो. आजही नौदलातील माणसाला पत्र पाठवायचे तर जहाजाच्या नावापुढे बंदराचे नाव लिहीत नाहीत, ‘फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ असे लिहितात.

मग जहाज ओळखावे कसे? पाठविणाऱ्याच्या नावाजवळ ‘एच.एम.आय.एस.’ या अक्षरांपुढे जहाजाचे नाव असले तर प्रश्न मिटतो. पण सावध राहावे. ‘तलवार’ हे नाव वाचून समुद्रावरील जहाज डोळ्यांसमोर आणू नये. ‘तलवार’ हे कुलाब्याच्या जमिनीवरील सिग्नल शिक्षणाचे ठाणे होते. फेब्रुवारी १९४६ चा नाविकांचा उठाव तेथूनच सुरू झाला. याउलट ‘बेंगाल’ हे खरोखरचे लहानसे जहाज होते आणि ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात त्याने दोन मोठ्या जपानी जहाजांशी झुंज दिली. नौदलातील नोकरी आणि व्यापारी बोटीवरील नोकरी हाही भेद करावा लागतो. आमच्याकडची अनेक माणसे बड्या कंपन्यांच्या प्रवासी व मालवाहू बोटींवर होती. त्यांच्या पत्रांवर कित्येकदा ‘पाकेबो’ हा फ्रेंच शब्द असलेला शिक्का असतो. समुद्रावर टाकलेले पत्र पुढच्या बंदरात उतरले, एवढाच त्याचा अर्थ. तो शिक्का नौदलाचा नव्हे. ‘मानवारीवर होते’ असे घरी सांगितले जाते आणि पाकिटावर मात्र पाकेबो निघतो, तेव्हा घरचे नाराज होतात. युद्धकाळात व्यापारी बोटींवरही बाँब आणि पाणतीर पडत होते आणि त्यांवरचे खलाशी मोठ्या संख्येने बुडाले, हे त्यांना समजावून सांगावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

पाकिटाची मागची बाजू विसरू नये. तेथे पोहोचेचा शिक्का असतो. लहान गावाच्या पाकिटावर तो बहुधा जवळच्या मोठ्या कचेरीचा, आमच्याकडे चिपळूणचा मिळतो. निघाल्याचा आणि पोचल्याचा दिवस वजा केला की प्रवास किती दिवसांचा झाला ते कळते. त्या काळी कोकणचे टपाल बरेचसे बोटीवर अवलंबून होते. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की घाटमार्गच उरे. जून ते ऑगस्टमधील पत्रांना जास्त दिवस लागलेले दिसले तर दोष युद्धाला देण्यापूर्वी पावसाचा विचार करावा.

स्वातंत्र्यानंतरच्या लष्करी टपालाचा येथे थोडक्यात उल्लेख करतो, कारण त्यात आपली लिपी येते. १९५३ मध्ये कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाच्या तिकिटांवर देवनागरीत ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असे छापले होते. १९५४ मध्ये इंडोचायनातील आयोगासाठी कंबोज, लाओस व व्हिएतनाम यांची नावे असलेली देवनागरी अक्षरे छापली गेली. रोमन अक्षरांची ‘आय.ई.एफ.’ तिकिटे आणि ही तिकिटे शेजारी ठेवून पाहावीत. शांतिकार्यासाठी गेलेल्या माणसांची ही पाकिटे घरांत अजून तुलनेने सुस्थितीत सापडतात.

जपणुकीविषयी काही सूचना देणे अवश्य आहे. पाकिटावरील तिकीट कधीही कापू नये, पाण्यात भिजवून सोडवू नये. तिकिटाबरोबर अर्धा शिक्का जातो आणि उरलेल्या अर्ध्यावरून काहीच सिद्ध होत नाही. सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. फाटलेले पाकीट फाटलेलेच राहू द्यावे. कोकणातील पावसाळी दमट हवा, कसर आणि वाळवी हे तीन शत्रू ओळखून पाकिटे जमिनीपासून उंच, कोरड्या डब्यात ठेवावीत आणि दिवाळीनंतर कोरड्या हवेत एकदा उघडून पाहावीत, मात्र उन्हात पसरू नयेत. पुसट शिक्का वाचण्यासाठी पाकीट खिडकीजवळ धरून प्रकाश बाजूने पाडावा. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे छायाचित्र घेऊन त्यातील छटा गडद केल्यास डोळ्यांना न दिसणारे अंकही पुष्कळदा उमटतात. शिक्क्यावर पेन्सिल फिरवून तो ‘स्पष्ट’ करण्याचा मोह टाळावा.

काही पाकिटे घरातून गेलेली आणि परत आलेली असतात. पत्ता शिपायाचा, अक्षर गावातल्या कोणाचे तरी, वर रेघ मारलेली, बाजूला इंग्रजीत लिहिलेला शेरा आणि डेड लेटर ऑफिसचा शिक्का. ‘पत्ता लागत नाही’, ‘युनिटमध्ये नाही’ अशा अर्थाचे ते शेरे असतात, कधी ‘मयत’ हा एकच शब्द. असे पाकीट पुष्कळदा चिकटवलेलेच सापडते, आतले पत्र कोणीही वाचलेले नसते. ते उघडावे किंवा नाही हे त्या घराने ठरवावे. शिक्के वाचण्यासाठी ते उघडण्याची गरज नाही.

आमच्या विद्यार्थ्यांनी सुटीत घरी गेल्यावर पाकीट मागून आणू नये. ते जेथे आहे तेथेच राहू द्यावे आणि वहीत पुढील गोष्टी उतरवून आणाव्यात : पाठविणाऱ्याचे नाव पाकिटावर आहे तसेच, इंग्रजी कारकुनाने केलेल्या मोडतोडीसह. सेवाक्रमांक, हुद्दा, पलटण. प्रत्येक शिक्क्यातील अक्षरे व अंक, न वाचलेल्या अंकाच्या जागी टिंब. पत्ता. नावाच्या शेवटी ‘नाक’ असेल तर तो सोडून देऊन आजचे आडनाव लिहू नये. त्याच घराने पुढे गावावरून आडनाव घेतले असेल, तर ते दुसऱ्या ओळीत लिहावे आणि हे कोणी सांगितले त्या वडीलधाऱ्याचे नातेही शेजारी लिहावे.